तांब्याची बारा चित्रं

मध्यभारत राज्य होतं त्या वर्षांत आमचं घर वर्षातले सहा महिने अर्धं असायचं. राज्याला राजधान्या दोन होत्या, ग्वाल्हेर आणि इंदूर. हिवाळा जवळ आला की सचिवालयाच्या फायली पेट्यांत भरून ग्वाल्हेरला जायच्या, आणि फायलींच्या मागोमाग आमचे हेही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पेट्या परत यायच्या आणि हे परत यायचे. त्यासाठी मी दोन याद्या करून ठेवल्या होत्या. एक जातानाची: वळकटी, गरम बंडी, दाढीचं सामान, लिंबाचं लोणचं. दुसरी येतानाची, म्हणजे यातलं काय काय परत आलं पाहिजे ती. लोणच्याची बरणी एकदाही परत आली नाही.

मुलगी लग्न होऊन उज्जैनला गेली होती. ग्वाल्हेरच्या महिन्यांत इंदूरला रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि माझे सासरे, एवढीच माणसं. मामंजी सत्तरीच्या पुढे होते. होळकरांच्या वेळी ते सरकारी कोठारावर कारकून होते, त्यामुळे याद्यांची थट्टा करायचा हक्क त्या घरात फक्त त्यांना होता. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळा अकरा ते पाच. सकाळी पाचला उठायचं, पाणी भरायचं, दोन माणसांचा स्वयंपाक, मामंजींचं दुपारचं ताट झाकून ठेवायचं आणि निघायचं. त्रेचाळीस वर्षांची होते मी तेव्हा. त्या दिवसांचं काही आठवायला लागले की सगळ्यात आधी पोटऱ्या आठवतात. त्या सतत दुखायच्या.

एका मार्चमध्ये मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"बसा. जादा शिक्षिकांची लिस्ट आली आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेतून एकीला बाहेर जावं लागेल. तुमचं नाव सगळ्यांत खाली आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"गौतमपुऱ्याला जागा आहे."

गौतमपुरा इंदूरच्याच जिल्ह्यात, पण रोज जाऊन येण्यासारखा नाही. गाडीने जायचं आणि पुढे टांगा.

मग त्याच म्हणाल्या, "एक रस्ता आहे. ड्रॉइंगचे मास्तर गेल्यापासून ती जागा रिकामी आहे. चित्रकलेची परीक्षा पास झालात तर तुम्हाला त्या जागेवर दाखवता येईल. पुढच्या मार्चमध्ये परीक्षा आहे. तोवर मी लिस्ट थांबवते. त्याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही."

"मला चित्र काढता येत नाही."

"फळ्यावर गाय काढता की."

"ती गाय आहे हे मी मुलींना आधी सांगते."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी कागद घेतला आणि मधोमध रेघ ओढली. एका बाजूला 'परीक्षा' आणि दुसऱ्या बाजूला 'गौतमपुरा'. गौतमपुऱ्याच्या बाजूला तीन ओळी झाल्या. हे ग्वाल्हेरला, मी गौतमपुऱ्याला. मामंजी एकटे. मामंजी इंदूर सोडणार नाहीत. तिसऱ्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आणि कागद डब्यामागे खोचला. निर्णय झाला होता.

जुन्या इंदुरात एक निवृत्त चित्रकला मास्तर रविवारी सकाळी आठ ते दहा घरी शिकवतात असं कळलं. पहिल्या रविवारी गेले तर ओसरीवर पाच-सहा तरुण पोरं ड्रॉइंगच्या पाट्या मांडीवर घेऊन बसलेली. त्यातला एक उठून अदबीने म्हणाला, "काकू, कोणाला न्यायला आलात?"

"मला शिकायचंय."

"अरे भिया, सरक जरा," त्याने शेजारच्याला इंदुरी थाटात सांगितलं. मग वर्षभर ती कोपऱ्यातली चटई माझी झाली.

मास्तर तपकीर ओढायचे आणि फार कमी बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी समोर एक वाटी ठेवली. मी वाटीचं तोंड छान गोल काढलं. त्यांनी कागद हातात घेतला.

"बाई, वाटीचं तोंड गोल आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण दिसतं का गोल?"

मी नीट बघितलं. तिथून ते चपटं दिसत होतं, जवळजवळ मिटलेल्या डोळ्यासारखं.

"जे दिसतं ते काढा. जे माहीत आहे ते घरी ठेवून या."

मला हे पटलं. स्पष्ट सूचना होती आणि पाळता येण्यासारखी होती. पण मी विचारलं, "आपण सुधारतोय की नाही ते मोजायचं कसं?"

"मोजू नका."

"मग कळणार कसं?"

"कळेल."

हे उत्तर वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. माझ्या हातात बाराच महिने होते. 'कळेल' म्हणून चालणार नव्हतं. म्हणून मी माझी पद्धत बसवली. आठवडाभर मास्तर सांगतील ते काढायचं, पानं, काडेपेट्या, चपला. पण दर महिन्याच्या एक तारखेला एकच वस्तू, एकाच जागी, एकाच उजेडात, अर्ध्या तासात. म्हणजे तुलना करता येईल.

वस्तू निवडली ती मामंजींचा तांब्या. सासूबाईंच्या लग्नातला, तांब्याच्याच धातूचा, पोट फुगीर, मान आखूड. पोटावर टिंबाटिंबांनी सासूबाईंचं नाव कोरलेलं. मामंजी पाण्याला दुसरं भांडं वापरत नसत. पूर्वेच्या खिडकीशी स्टूल ठेवलं, त्याच्या पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या. माझा पाट भिंतीला लागून. सकाळी सात ते साडेसात. नाव बरोबर समोर येईल असा तांब्या ठेवायचा.

एप्रिलचं पहिलं चित्र मास्तरांना दाखवलं. त्यांनी डावी-उजवी बाजू थोडी सुधारून दिली. ते चित्र मी नमुना म्हणून ठेवलं. पुढचं प्रत्येक चित्र रविवारी दुपारी, मुलींच्या वह्या तपासायला बसले की त्याच गठ्ठ्यात घालायचं, शेजारी नमुना ठेवायचा आणि लाल पेन्सिलीने दहापैकी मार्क द्यायचे. शाळेतल्या एका जुन्या हजेरीपटात रकाने आखले: तारीख, मार्क, चुका.

"सरकारी मास्तरीण स्वतःलाच तपासते," मामंजी खाटेवरून म्हणायचे. "कॉपी केलीस तर पकडशील का?"

"पकडेन."

"मॉडेल म्हणून मी का नाही बसायचं?"

"तुम्ही हलता."

एप्रिलमध्ये, मास्तरांनी सुधारण्याआधीच्या चित्राला, पाच. जूनमध्ये सहा. सप्टेंबरमध्ये सात, आणि सात म्हणजे माझ्या वर्गात चांगले मार्क. ऑक्टोबरमध्येही सात. त्या महिन्यात हे ग्वाल्हेरला गेले. जाताना मी त्यांना हजेरीपट दाखवला. ते म्हणाले, "वा, म्हणजे गौतमपुरा टळला." मला खूप बरं वाटलं. त्या रात्री मी साडेनऊलाच झोपले, एवढंच आठवतं.

नोव्हेंबरपासून तांब्या बिघडायला लागला. म्हणजे मला तसं वाटलं नाही. मला वाटलं मी बिघडले.

नोव्हेंबर, सहा: अक्षरं डावीकडे सरकली. डिसेंबर, साडेपाच: अक्षरं दिसतच नाहीत, उजवा काठ बसका. जानेवारी, पाच: पोट दोन्हीकडे सारखं नाही. फेब्रुवारी, चार: मान वाकडी. इतर चित्रांचं तसं नव्हतं. काडेपेटी काडेपेटीसारखी यायला लागली होती, चपला तर मास्तरांनी पोरांना दाखवल्या. फक्त तांब्या. आणि परीक्षेत भांडीच येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी उपाय केले. पहाटे अर्धा तास आधी उठून हात बसावा म्हणून रेघा ओढल्या. चष्म्याचा नंबर तपासून आणला. काढताना मी खरंच जे दिसायचं तेच काढायची. कधीकधी वाटायचं हा उजेडच तिरका आहे, पण अर्धा तास संपायचा, पोळ्या राहिलेल्या असायच्या, तांब्या परत मोरीशेजारच्या घागरीवर पालथा जायचा. रविवारी नमुना समोर ठेवला की चुका एकदम डोळ्यांत यायच्या.

मामंजी त्या थंडीत फार मदत करायला लागले होते. एक तारखेला म्हणायचे, "तू चहा टाक, मी तांब्या मांडतो." ते तांब्या स्टुलावर ठेवायचे, जरा फिरवायचे, मान वाकडी करून बघायचे, परत फिरवायचे. माझी तीन मिनिटं वाचायची. मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही काय बघताय.

आणखी एक गोष्ट होती, ती आता लिहितेच. दर चतुर्थीला ते एका जुन्या सोबत्याबरोबर खजराण्याच्या गणपतीला पायी जायचे. कितीतरी वर्षांचा नेम. डिसेंबरात म्हणाले, रस्ता खोदून ठेवलाय. जानेवारीत म्हणाले, सोबत्याला सर्दी आहे. फेब्रुवारीत काही म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही, कारण चतुर्थीला शाळेत तपासणी होती.

शाळेत एक सहशिक्षिका होत्या, त्यांना माझी परीक्षा म्हणजे करमणूक. "काय हो, कुठवर आलं? मी तर ऐकलंय गौतमपुऱ्यात दिवाळीनंतर पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात. तुम्ही आपली ड्रॉइंगची पाटी न्या, ढालीला होईल." मी हसून डबा उघडायची. हिंगोट म्हणजे वाळलेलं फळ पोकळ करून त्यात दारू भरायची आणि ते पेटवून फेकायचं. तिथल्या लोकांचा तो सण आहे. पण तेव्हा मला ते सगळं गावच अंगावर फेकलेलं वाटायचं.

एक मार्चला बारावं चित्र काढलं. रविवारी तपासलं. दहापैकी तीन. चुकांच्या रकान्यात लिहिलं: पहिल्यापेक्षा वाईट. मग पेन्सिल खाली ठेवली. वर्षभर रविवारच्या सकाळी मी एका माणसाला घरात टाकून पायपीट केली होती, आणि उलटी चालत होते. रडू वगैरे आलं नाही. फक्त वाटलं, आता बसावं. बराच वेळ बसावं.

पुढच्या रविवारी बाराही चित्रं आणि हजेरीपट घेऊन मास्तरांकडे गेले. परीक्षेला तीन आठवडे होते. शिकवणी संपल्यावर थांबले.

"मी परीक्षेला बसत नाही," मी म्हटलं. "हे बघा. ऑक्टोबरपर्यंत ठीक होतं. नंतर घसरण."

त्यांनी हजेरीपट बाजूला ठेवला, उघडलाही नाही. चित्रं चटईवर ओळीने मांडली. तपकीर ओढली. खाली वाकून एकेक बघत शेवटपर्यंत गेले आणि परत मागे आले.

"हे भांडं घरी कोण वापरतं?"

"सासरे. का?"

"ही मान बघा. फेब्रुवारीत वाकडी. मार्चमध्येही तेवढीच वाकडी, त्याच जागी. हा काठ डिसेंबरपासून इथेच बसलेला." त्यांनी चित्रांना बोट न लावता दाखवलं. "बाई, चूक अशी एका जागी बसून राहत नाही. हात चुकला तर दर वेळी निराळा चुकतो. हे चुकलेलं नाही. हे तुम्ही बघून काढलंय."

"पण अक्षरं? ती समोर असतात."

"मग कोणीतरी भांडं फिरवलंय." ते सरळ झाले, कमरेवर हात ठेवून. "गेल्या सहा महिन्यांत तुमचं काम फार चांगलं झालंय. तुम्ही तपासलंत कशाशी?"

"पहिल्या चित्राशी."

"भांड्याशी ताडून बघायचं होतं ना."

जुन्या इंदुरापासून रामबागेपर्यंत चालत आले. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. घरी मामंजी खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी घागरीवरचा तांब्या उचलला आणि अंगणात उन्हात नेला.

मी तो तांब्या रोज घासत होते. राख आणि चिंच घेऊन, पहाटेच्या अंधारात, पुढच्या कामाचा विचार करत. हाताला लागत असणारच. उन्हात धरला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पोटावर, बरोबर नावावर, अंगठा बसेल एवढा पोचा. नावातली पहिली दोन अक्षरं आत दबून गेलेली. काठ एका बाजूने चेपलेला. मान कललेली. पाठीवर आणखी दोन. मी मोजलेच. पाच पोचे होते. नोव्हेंबरात एक, मग आणखी, मग आणखी. माझ्या हजेरीपटात सगळे तारखेनिशी नोंदलेले होते, चुकांच्या रकान्यात.

आत गेले आणि खाटेशी स्टूल ओढून बसले.

"मामंजी, तांब्या कितीदा पडला?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पडला असेल एखाद्या वेळी. जुनं भांडं."

"पाच पोचे आहेत."

"मोजलेस? मोजणारच तू."

"तांब्या पडला की तुम्ही?"

मग डोळे उघडून छताकडे बघत म्हणाले, "आधी तीन वेळा नुसता तांब्या. हातात राहतच नाही साला. नंतर दोन वेळा आम्ही दोघं."

"कुठे?"

"मोरीत. दुपारी. लागलं नाही काही. बसून राहिलो जरा वेळ, मग उठलो."

"किती वेळ?"

"सूनबाई, मोरीत घड्याळ नाही."

मी रागावले. "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू परीक्षा सोडली असतीस. परीक्षा सोडली की गौतमपुरा. गौतमपुरा म्हणजे मी इथे एकटा. एकटा म्हणजे पडणार. मग म्हटलं, पडायचंच आहे तर तुला पास करून पडू." ते जरासे हसले. "चांगली बाजू तुझ्याकडे करून ठेवत होतो मी. आधी नावाची बाजू गेली, मग दुसरी फिरवली. मार्चमध्ये बघितलं तर चांगली बाजूच उरली नव्हती. म्हटलं, आता काय ठेवू हिच्यासमोर."

त्या दिवशी पोळ्या जळल्या. मी वर्षभर ते एकटे पडू नयेत म्हणून शिकत होते, आणि ते त्याच वर्षात त्याच घरात एकटे पडत होते. पास झाले तरी मी अकरा ते पाच शाळेतच असणार होते. हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. मी फक्त गौतमपुऱ्याच्या बाजूला 'एकटे' लिहिलं होतं.

करण्यासारखं होतं ते केलं. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला दोर बांधला. मोरीत काथ्याचं पायपुसणं टाकलं. दोर बघून मामंजी म्हणाले, "बैल बांधणार का?" पण धरून चालायला लागले. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना दुपारी दोनला डोकावायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आधी बोलायचं नाही का. मी तर दुपारभर रिकामीच असते." यांना ग्वाल्हेरला पत्र टाकलं. तांबटाकडे नेऊन पोचे काढून आणावेत असं एकदा मनात आलं, पण नेला नाही. आणि परीक्षेलाही बसले, कारण फॉर्म भरलेला होता आणि मास्तर म्हणाले होते, बसा.

वस्तुचित्राला कळशी आणि विटेसारखा ठोकळा आला. कळशी नवी कोरी होती, एकही पोचा नाही. मी दिसली तशी काढली. वेळेच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी नक्षीचा पेपर होता. चौकोन आखून त्यात फुलापानांची नक्षी भरायची आणि ती रंगवायची. हा पेपर मला सोपा वाटत होता, सगळं पट्टीचं आणि मापाचं काम. मी मापं घेतली. मग पडताळून पाहिली. मग एका कोपऱ्यात केसाएवढा फरक दिसला म्हणून पुसून पुन्हा आखलं. घंटा झाली तेव्हा चारांतला एकच कोपरा रंगवून झाला होता.

जूनमध्ये निकाल लागला. वस्तुचित्रात चांगले मार्क, वर्गातल्या पोरांपेक्षा चांगले. नक्षीत नापास, म्हणजे परीक्षेत नापास. मोठ्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि चष्मा पुसत बसल्या. आठवड्याने गौतमपुऱ्याचा हुकूम आला.

हे तेव्हा इंदुरातच होते. रात्रीच्या जेवणाला तिघं बसलो होतो. मी सांगितलं, हुकूम नाकारला तर नोकरी जाईल, आणि मी नाकारणार आहे. विचार करून झाला आहे.

"गौतमपुऱ्याला घर कुठे देतात?" मामंजींनी विचारलं.

"शाळेच्या आवारातच खोली आहे म्हणतात. आधीच्या बाई तिथेच राहायच्या."

"आवारात म्हणजे किती लांब?"

"असेल पंचवीस-तीस पावलं."

"मग अडचण काय आहे?"

यांनी घास थांबवला. मी म्हटलं, "तुम्ही इंदूर सोडणार नाही."

"कोण म्हणालं?"

मी उठले, डब्यामागचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. वर्षाने तो तेलकट झाला होता. मामंजींनी तो दूर धरून वाचला, मग जवळ आणून वाचला.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"दोनदा रेघ पण मारली आहे." त्यांनी कागद यांच्याकडे दिला. "मला विचारलं होतंस का कधी?"

"नाही."

"होळकरांचं राज्य गेलं, कोठार गेलं, तुझी सासू गेली. खजराण्यापर्यंत पाय जात नाहीत. मी इंदुरात काय धरून बसलोय? या खोलीतला दोर?"

हे म्हणाले, "मी जेवणाचं खानावळीत बघेन. सवय आहे." मग थोड्या वेळाने, "लोणचं मात्र दे."

इंदूर सोडताना मामंजींना वाईट वाटलं नाही असं नाही. टांग्यात ते स्टेशन येईपर्यंत उलटे तोंड करून बसले होते. मी सामानाची यादी हातात धरून बसले होते. यादीत तांब्या होता.

गौतमपुऱ्याची शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक कडुनिंब. आमची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तिचं दार सरळ दिसायचं. मामंजींची खाट मी दाराशी टाकली. वर्गात फळ्याकडे तोंड असलं तरी दर काही मिनिटांनी मान आपोआप खिडकीकडे वळायची. काम तिथेही कमी नव्हतं. तीन वर्ग एकटीने बघायचे, पाणी विहिरीचं, पोटऱ्या तशाच. पण मान वळवली की माणूस दिसायचा. मधल्या सुट्टीत जाऊन चहा करता यायचा. मोरी नव्हतीच, उघड्यावर न्हाणी होती, तिथपर्यंत मी हात धरून न्यायची. पडायचे तेव्हा माझ्या नजरेसमोर पडायचे. पहिल्या पावसाळ्यात एकदा पडले, मी मुलींना पाढे म्हणायला सांगून धावले.

एक तारखेला चित्र काढायचं राहून गेलं, दोन महिने. मग एका दुपारी मुली शुद्धलेखन लिहीत होत्या आणि माझ्यापुढे हजेरीपटाची मागची कोरी पानं होती. खिडकीतून खाट दिसत होती, खाटेवर बसलेले मामंजी, खाटेखाली तांब्या. मी पेन्सिल घेतली. माणूस मी कधी काढलाच नव्हता, परीक्षेला लागत नव्हता म्हणून. अंगठ्याएवढा झाला. टोपी, खांदे, गुडघ्यावर टेकलेले दोन हात. हात नीट आले नाहीत, पण कापतात ते हात आहेत असं थोडंसं वाटत होतं. नाक काढायला जागाच उरली नाही.

मधल्या सुट्टीत चहा नेला तेव्हा हजेरीपटाची ती वही दाखवली. त्यांनी ती दूर धरली.

"हा कोण?"

"तुम्ही."

"इतका लहान?"

"तिथून इतकेच दिसता."

"नाक कुठाय?"

"तिथून दिसत नाही."

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. तांब्यावर बोट ठेवलं. तांब्या कललेला काढला होता, आहे तसा. "मार्क नाही दिलेस?"

"नाही दिले."

"पडलेला नाहीये ना मी यात?"

"नाही. बसलेले आहात."

"मग पास," ते म्हणाले, आणि कपाला हात घातला. मी कप सोडला नाही, दोघांनी मिळून तो त्यांच्या तोंडापर्यंत नेला. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. उरलेला चहा बशीत ओतून त्यांच्या हाताशी ठेवला, आणि वही तिथेच खाटेवर टाकून मी वर्गाकडे निघाले.